वाटेची वही, दाराची वही

अण्णा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आजही आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. स्वतःची शिसारी आलीय म्हणून लिहितोय. आईला सांगता येत नाही. मित्रांना सांगितलं तर ते हसतील नाहीतर पाठीवर थाप मारतील, आणि मला दोन्ही नको आहे. तुम्ही असता तर जेवण होईपर्यंत गप्प बसला असता आणि हात धुऊन झाल्यावर एकच वाक्य बोलला असता. ते वाक्य काय असतं हे मला नेमकं माहीत आहे, पंचाईत तीच आहे.

मी सध्या उमरग्यात आहे. हायवेच्या कडेला एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर घरोघरी इंटरनेट देणारी एक छोटी कंपनी आहे, मालक धरून आम्ही नऊ माणसं. दुकानं, लॉज, गॅरेज, दवाखाने, सगळीकडं आमच्या काळ्या वायरी लोंबतात. तुम्ही तांब्याच्या तारा ओढल्या, आम्ही काचेच्या ओढतो. मी खांबावर चढत नाही. खुर्चीत बसून राउटर सांभाळतो आणि गिऱ्हाईक समोर असलं की मालक माझ्याकडं बोट करून "हे आमचे इंजिनियर" म्हणतो. मी इंजिनियर नाही, अण्णा. धाराशिवचं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. घरच्या परिस्थितीमुळं सोडलं असं मी सगळ्यांना सांगतो, आईलाही, आणि ते ऐकून ती दरवेळी स्वतःलाच बोल लावते. खरी गोष्ट ही की एक मुलगी माझ्या एक वर्ष पुढं होती. ती पास होऊन उमरग्याला आपल्या घरी गेली आणि मला त्या कॉलेजच्या भिंती बघवेनात. म्हणून मी इथं नोकरी शोधली. जिच्यासाठी आलो तिच्याशी मी आयुष्यात तीनचार वाक्यांच्या वर बोललेलो नाही. ही माझी प्रेमकहाणी. लिहितानाच किळस येते.

आमच्या कंपनीत खांबावर चढायला एक काका होते. तुम्ही त्यांना ओळखता. नळदुर्गच्या टेलिफोन एक्स्चेंजमधे तुमच्या हाताखाली रोजंदारीवर होते ते, तुम्ही वर चढला की खाली शिडी धरणारे, तंबाखूची डबी तुमच्याकडून चोरून भरून घेणारे. तुमच्यानंतर त्यांनी काय काय केलं देव जाणे, पण दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना इथं लावलं. या वयात ते फायबरची जोड लावायचं मशीन शिकले. केसासारखी काचेची तार डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "तुझा बाप असता तर ह्याला तार म्हनलाच नसता." मालक त्यांना ओ काका म्हणायचा, अहोजाहो करायचा. हे मुद्दाम लिहितोय, पुढं लागणार आहे.

तुमच्या दोन वह्या माझ्याकडंच आहेत. तुम्ही गेल्यावर आईनं रद्दीत घातल्या होत्या, मी काढून घेतल्या. जाड पुठ्ठ्याची ती वाटेची वही: एक्स्चेंजपासून कुठली केबल कुठल्या रस्त्यानं जाते, कुठल्या खांबावरच्या पेटीत उतरते, तिथं तारेची कितवी जोडी. ती सगळी शाईनं लिहिलेली. आणि पातळ, शाळेच्या वहीसारखी ती दाराची वही: कुठल्या पेटीतली कितवी जोडी सध्या कुणाच्या घरात शिरते. ती सगळी पेन्सिलीनं. लहानपणी मला वाटायचं, तुमच्याकडं पेन नसतो म्हणून.

तो रविवार मला अजून दिसतो. स्वयंपाकघरात आई चुलीपाशी भाकरी थापतेय, वाटेची जुनी वही पावसानं भिजून फुगलीय आणि तुम्ही मला नवी वही देऊन म्हणताय, "तुझं अक्षर चांगलंय. एवढी उतरून काढ." मी दहा वर्षांचा आहे. पाटावर उपडा पडून मी उतरून काढतोय, आणि दुसऱ्यातिसऱ्या पानावर मला एक युक्ती सुचते. एक जोडी शोधायची तर अण्णा आधी ही वही बघतात, मग ती दुसरी बघतात. दोनदा कशाला? प्रत्येक जोडीपुढं मी घरमालकाचं नाव लिहून टाकलं तर एकाच जागी सगळं सापडेल. दाराची वही ओढून घेतो आणि एकेक नाव इकडं भरतो. शाईनं, वळणदार अक्षरात. बाजारपेठेतली पानं भरून होईपर्यंत जेवायची वेळ होते. तुम्ही वरवर चाळता, पाठीवरून हात फिरवता. तेव्हा तुमच्या ध्यानात आलं नाही, कारण शेवटची पानं मी कंटाळून नावांशिवायच उतरवली होती आणि तुम्ही तीच पाहिली.

पुढं काही दिवसांनी बाजारपेठेतले एक मास्तर बदलीनं गेले. त्यांच्या जागची जोडी एका आडत्याला मिळाली. तुम्ही दाराची वही खोडरबरानं पुसून बदललीत. माझ्या शाईला कोण पुसणार? तुम्ही आजारी म्हणून दोन दिवस घरी होता, मास्तरांचा फोन बंद करायचा कागद उशिरा आला आणि काकांनी वाटेच्या वहीत मास्तरांचं नाव बघून ती जोडी कापली. ऐन बाजारादिवशी आडत्याचा फोन मुका. धाराशिवहून साहेब आले. मी तुमचा डबा घेऊन एक्स्चेंजच्या दारात उभा होतो, तुम्ही ताप अंगात घेऊन तसेच आला होता. साहेब काकांना झापत होते, उद्यापासून येऊ नको म्हणत होते. तुम्ही वही हातात घेतली, ते पान उघडलं, एकदा दाराकडं, म्हणजे माझ्याकडं, बघितलं. आणि म्हणालात, "त्यानं वहीप्रमाणं केलं, साहेब. वही माझी हाय. अक्षर माझं हाय."

ते अक्षर कुठल्याही अंगानं मोठ्या माणसाचं वाटत नव्हतं. साहेबांनाही कळलं असणार. तरी तुम्हाला लेखी ताकीद मिळाली आणि काका राहिले. संध्याकाळी घरी मी माराची वाट बघत बसलो. तुम्ही जेवलात, हात धुतलेत आणि म्हणालात, "वाट आन् दार एका वहीत लिहायचं न्हाय. वाट आपली असती. दार लोकांचं असतं, ते कवाबी बदलतं." मग खिशातून नवी पेन्सिल आणि खोडरबर काढून माझ्यापुढं ठेवलंत. "उद्यापासून दाराची वही तू लिहायची."

आता माझं ऐका.

आमच्या राउटरमधे एक जुनी प्रणाली होती. ज्यानं कुणी लिहिली त्याला माझीच युक्ती सुचलेली. प्रत्येक कनेक्शनला आम्ही एक आकडी पत्ता देतो. त्या पत्त्यावर बाहेरून माहितीचं एक पाकीट आलं की राउटरला दोन प्रश्न सोडवायचे असतात. एक, हे कुठल्या गल्लीच्या दिशेनं काढायचं. दोन, त्या गल्लीत गेल्यावर नेमक्या कुठल्या घरात बसवलेल्या नेटच्या डब्याच्या हातात द्यायचं. पहिली झाली वाट. दुसरं झालं दार, कारण प्रत्येक घरातल्या डब्याला कारखान्यातूनच स्वतःचा नंबर छापून आलेला असतो, डबा बदलला की नंबर बदलतो. शहाण्या माणसानं याची दोन टेबलं केली असती, तुमच्या दोन वह्यांसारखी. या प्रणालीत एकच. वाटेच्या ओळींमधेच घराघराच्या डब्याचे नंबर कोंबलेले. कधीकाळी कुणालातरी वाटलं असेल, एकदाच बघितलं की दोन्ही सापडतं, वेळ वाचतो. वर्षानुवर्षं त्यावर थर चढत गेले. पन्नास वाटांच्या मधे हजारो दारं. एका घराचा डबा बदलला तर तेवढी ओळ बदलेपर्यंत सगळं टेबल थांबायचं, अख्ख्या उमरग्याचं नेट एक आवंढा गिळायचं. वाट काढून टाकली तर तिच्यावर लटकलेली काही दारं तशीच हवेत राहायची. मालकाला मी चारदा सांगितलं, नवीन प्रणालीत हे दोन वेगळं केलेलं आहे, मला आठ दिवस द्या. तो म्हणायचा, "चालतंय नव्हं? मग कशाला बोट घालतो?"

आणि त्याच टेबलात मी स्वतः घाण केली. तिच्या घरी कनेक्शन द्यायचं होतं तेव्हा माझं काम नसताना मी गेलो. तिच्या वडिलांनी दार उघडलं, ती आतून पाणी घेऊन आली, "तुम्ही आमच्या कॉलेजला होतात ना?" म्हणाली. मी हो म्हणालो. झालं, एवढंच. परत येऊन मी टेबलात तिच्या डब्याची ओळ हातानं घातली आणि तिच्यावर कायमची खूण केली. घरांच्या ओळी आपोआप येतात, काही वेळानं आपोआप जातात, पुन्हा लागल्या की पुन्हा येतात. हिची जाऊ नये म्हणून कायमची. कुणी विचारलं असतं तर नेट सारखं तुटत होतं म्हणून घातली असं सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. रोज सकाळी मी टेबल उघडून ती एक ओळ बघायचो. लोक फोटो बघतात, मी बारा आकड्याअक्षरांचा नंबर बघायचो. तो मला पाठ आहे.

तिचं लग्न झालं, हैदराबादला गेली. मी पंधरा दिवस कुणाशी धड बोललो नाही, एका गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलो, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. तिच्या वडिलांनी घर बदललं, डबा परत आणून दिला, कनेक्शन बंद केलं. त्यांच्या कनेक्शनचा आकडी पत्ता मोकळा झाला आणि बरोबर समोरच्या गल्लीत उघडलेल्या एका नव्या दवाखान्याला तो मिळाला. कायमची ओळ मात्र तिथंच. म्हणजे दवाखान्यातून गेलेली प्रत्येक विचारणा बाहेर नीट जात होती आणि परत आलेलं प्रत्येक उत्तर आमचा राउटर तिच्या डब्याच्या नावानं गल्लीत सोडत होता. तो डबा आमच्या कपाटात, बंद.

दोन दिवस दवाखान्याचं नेट नाही. लॅबचे रिपोर्ट येईनात, पेशंट ताटकळलेले. जोड काकांनी लावलेली, म्हणून काकांनाच पुन्हा पुन्हा धाडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः दवाखान्यात गेला, सोबत मला घेऊन. काका शिडीवर होते, खाली डॉक्टर, वेटिंगमधे पंधरावीस माणसं. काका वरूनच म्हणाले, "मालक, तार निर्मळ हाय. उजेड बराबर येतोय. घोटाळा तुमच्या कंप्युटरमदी हाय." डॉक्टर म्हणाले, "यांना दिसतं तरी का?" बाकड्यावरचे दोघंतिघं हसले. आणि मालकानं एवढ्या लोकांत काकांना पहिल्यांदा अरेतुरे केलं. "दिसत न्हाय तर खांबावर चढतो कशाला रे? पुन्हा लाव ती जोड."

तेव्हा मी लॅपटॉप उघडला. दवाखान्याचा पत्ता शोधला आणि त्यापुढं तो नंबर दिसला. पाठ असलेला. माझे कान तापले, अण्णा. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मालक, थांबा, चूक माझी आहे. चारपाच शब्द. मी काय केलं? गपचूप ती ओळ पुसली. त्याच क्षणाला काकांनी तिसऱ्यांदा जोड लावून झाकण बंद केलं, आणि आतून रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "आलं, आलं, नेट आलं."

मालक डॉक्टरांकडं वळला. "बघा. जोडच खराब व्हती." काका शिडीवरून खाली उतरले. त्यांनी आधी हातातल्या तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना काही कळलं नव्हतं. फक्त एवढंच, की आपण तीच जोड तशीच तिसऱ्यांदा लावली आणि या वेळी लागली. त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका आली, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. संध्याकाळी मालकानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तुमच्या साहेबासारखंच. फक्त वही उघडायला तुम्ही नव्हता, मी होतो.

पुढचं आणखी घाणेरडं आहे. दवाखान्यासारखं गिऱ्हाईक हातचं जाता जाता राहिलं म्हणून मालक घाबरला, आता कुठंच खोट नको म्हणाला आणि त्यानं मला आठ दिवस दिले. मी नवीन प्रणाली बसवली, जुन्या टेबलाची एकेक ओळ घेऊन वेगळी केली: ही वाट, हे दार, ही वाट, हे दार. वाटा एका टेबलात, दारं दुसऱ्यात. आता कुणाचा डबा बदलला तर वाटांना पत्ताही लागत नाही. आवंढा गिळणं बंद झालं. मालकानं सगळ्यांना पेढे दिले आणि माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा कोंबून म्हणाला, "गडी हुशार हाय." मी तो गिळला. ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटायला पाहिजे होता, ते मी एका माणसाच्या अब्रूवर उभं राहून केलं.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी नळदुर्गला गेलो. आईकडं न जाता आधी काकांकडं. ते अंगणात शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते, तेही चष्मा लावून. पूर्वी लावत नसत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मुलीसकट. ते मोटारीवरची धूळ फुंकत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे जोड बरी व्हती."

"पहिल्यापास्नं बरी होती काका."

"तिन्ही येळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मला वाटलं आता शिव्या देतील, तशी मी तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "म्या डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन आलो की रे, तुझ्या नादानं. सोलापूरला." आणि हसले. त्यांच्या हसण्यानं माझी जास्तच लाज निघाली. मी म्हणालो, मालकाला सांगतो, तुम्हाला परत घ्यायला लावतो. "त्या दुकानात म्या पाय ठेवत न्हाय. पर दवाखान्यात चल. तितं बोलला तो मला, माणसांत. तितंच सांग. म्या शेजारी हुबा ऱ्हातो."

सोमवारी मी मालकाला आधी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी डॉक्टरला काय सांगू? आमचा इंजिनियर प्रेमात पडला व्हता म्हणून?" ऑफिसातली सगळी खो खो हसली. "झालं ते झालं. म्हाताऱ्याला दुसरं काम बघून देऊ. तू तोंड बंद ठेव, कंपनीचं नाव जाईल." मला वाटत होतं मी टेबलावरचा कीबोर्ड त्याच्या तोंडावर मारीन. त्याऐवजी मी गाडीची किल्ली उचलली. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय होता, गेले तीन आठवडे मी हेच तर करत होतो.

दवाखाना भरलेला होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डॉक्टर केबिनच्या दारात आले तेव्हा मी मोठ्यानं बोललो. यांची जोड पहिल्या दिवसापासून चांगली होती. चूक कंप्युटरमधे होती आणि ती मी केली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोललो नाही. एका बाईनं मांडीवरच्या मुलाला गप्प केलं. डॉक्टर म्हणाले, "बरं बरं. असू द्या. काका, बसा, चहा घ्या." काका म्हणाले, "च्या नको. ऐकलं न्हवं समद्यांनी? बास." आणि वळले. मला वाटलं होतं काहीतरी होईल, कुणी काहीतरी बोलेल. पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. बाहेर आल्यावर काकांनी खांबावर बघितलं. त्यांच्या जागी घेतलेल्या माणसानं शेजारच्या दुकानाची तार गुंडाळी करून लोंबत सोडली होती. "हे कुनी बांदलं रे? गचाळ." मग गाडीवर बसताना विचारलं, "अन् तिचं नाव? पुसलंस का?"

"पुसलं."

"बरं केलंस."

मालकानं मला काढलेलं नाही. नवं टेबल माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून. त्याचीही मला घाणच वाटते, पण उद्या कामावर जाईन. काका आता नळदुर्गमधेच ढाब्यांच्या कॅमेऱ्यांची कामं घेतात, मी सुटीला मदतीला जातो. शिडी मी धरतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून तुमच्या पेन्सिलीच्या वहीत ठेवतो. फक्त काकांना मी म्हणालो ते अर्धंच खरं होतं. कायमची ओळ मी पुसली. पण नवीन टेबलात दाराच्या ओळीला वेळ लावून देता येतो, वीस मिनिटं, मग ती आपोआप जाते. कुणालाही न दिलेल्या एका मोकळ्या पत्त्यापुढं मी रोज सकाळी तो नंबर टाकतो आणि कामाला लागतो. कुणाचं काही अडत नाही. वीस मिनिटांनी बघितलं तर तिथं काही नसतं. रोज टाकतो, रोज जातो. परवा मात्र टाकायचा विसरलो, अण्णा, आणि ते मला दुपारी जेवताना आठवलं.